व्यावसायिक रग्बी खेळाडूची कारकीर्द : जोना लोमू यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
खेळाडूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन सामान्यतः सामने, गुण व विक्रम यांच्या आधारे केले जाते. परंतु व्यावसायिक खेळाडूचे शरीर हेच त्याच्या उपजीविकेचे साधन असल्यामुळे त्या शरीराची मर्यादा हीच त्याच्या कारकिर्दीची मर्यादा ठरते. प्रस्तुत लेखात न्यूझीलंडचे रग्बीपटू जोना लोमू (1975-2015) यांच्या उदाहरणातून या प्रश्नाचा विचार केला आहे.

हौशी खेळाकडून व्यवसायाकडे :
खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून 1895 मध्ये इंग्लंडमधील उत्तरेकडील क्लब वेगळे झाले आणि पुढे त्यांच्या खेळाला रग्बी लीग हे नाव मिळाले. रग्बी युनियनने मात्र हौशीपणाचे तत्त्व आणखी शंभर वर्षे जपले. जून 1995 मध्ये न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या देशांच्या संघटनांनी दहा वर्षांचा सुमारे 55 कोटी अमेरिकी डॉलरचा दूरचित्रवाणी करार जाहीर केला. 26 ऑगस्ट 1995 रोजी आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ सर्वांसाठी खुला केला. दूरचित्रवाणीला प्रेक्षक हवे होते आणि प्रेक्षकांना नायक हवा होता. लोमू यांचा उदय नेमका याच वेळी झाला.

कारकिर्दीचा आलेख :
टोंगन वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या लोमू यांनी 26 जून 1994 रोजी फ्रान्सविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. तेव्हा त्यांचे वय 19 वर्षे 45 दिवस होते. सुमारे 1.96 मीटर उंची, जवळपास 120 किलो वजन आणि धावपटूचा वेग असा संयोग मैदानाच्या कडेने धावणाऱ्या 'विंग' या जागेवर तोपर्यंत क्वचितच दिसला होता. 1995 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांनी इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले. न्यूझीलंडने तो सामना 45-29 असा जिंकला. अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने त्यांना रोखले आणि सामना 15-12 असा जिंकला. सांघिक संरक्षणापुढे वैयक्तिक सामर्थ्य अपुरे पडते, हेही त्यातून स्पष्ट झाले. 1995 व 1999 या दोन स्पर्धांत मिळून त्यांनी 15 ट्राय केले. या विक्रमाची बरोबरी 2015 मध्ये ब्रायन हबाना यांनी केली.

शरीराची मर्यादा :
1995 च्या अखेरीस लोमू यांना नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निदान झाले. या विकारात शरीरातील प्रथिने लघवीवाटे बाहेर जातात, अंगावर सूज येते व थकवा जाणवतो. म्हणजेच ज्या कारकिर्दीकडे अमर्याद शक्तीचे प्रतीक म्हणून पाहिले गेले, तिचा बहुतांश भाग आजारपणातच पार पडला. 63 कसोटी सामने व 37 ट्राय ही त्यांची कामगिरी या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. 2002 मध्ये त्यांचा अखेरचा कसोटी सामना झाला, 2003 मध्ये डायलिसिस सुरू झाले व 2004 मध्ये मूत्रपिंडारोपण करण्यात आले. त्यानंतरही 2005 मध्ये ते वेल्समधील कार्डिफ संघाकडून मैदानात उतरले. 2007 मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली. 2011 मध्ये आरोपित मूत्रपिंड निकामी झाले आणि 18 नोव्हेंबर 2015 रोजी वयाच्या 40 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या दोन मुलांसाठी खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने विश्वस्त निधी उभारावा लागला.

निष्कर्ष :
लोमू यांचा आजार खेळामुळे उद्भवला होता, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या खेळाला त्यांच्यामुळे जगभर प्रेक्षक लाभले, त्या खेळातील त्यांची कसोटी कारकीर्द अवघी आठ वर्षांची ठरली आणि त्यांच्या पश्चात कुटुंबासाठी निधी उभारावा लागला, ही बाब विचारप्रवृत्त करणारी आहे. व्यावसायिकतेने खेळाडूला मोबदला दिला. तथापि मैदानाबाहेरच्या दीर्घ आयुष्याची हमी दिली नाही. क्रीडानैपुण्याच्या बळावर महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शन करताना त्याच्या आरोग्याचा, शिक्षणाचा व निवृत्तीनंतरच्या उपजीविकेचा विचार सरावाइतकाच आवश्यक ठरतो. विक्रम इतिहासात राहतात. खेळाडूला मात्र त्यानंतरही जगावयाचे असते.