मिठाचं धाकटं भावंड

मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोडियमच्या अगदी वरच्या घरात लिथियम असतं. मिठातल्या सोडियमचं धाकटं भावंडच म्हणा ना! विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी मूलद्रव्यं घडली, त्यांतलं हे एक. त्याचा साधा क्षार मनाचं उधाण शांत करतो, हे १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवलं. बायपोलर आजाराच्या असंख्य रुग्णांना त्यामुळे आयुष्य परत मिळालं. मला याचं नवल अजून सरत नाही.

लिथियमची गोळी घेणाऱ्या बाईला दिवस जातात तेव्हा? बाळाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी धडधडू लागतं. तोवर आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो! मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती २८ दिवसांत मिटते. म्हणून औषधांचा विचार दिवस राहण्याआधीच व्हायला हवा. याच आजारावरच्या व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाबाबत तर हे फारच खरं. गर्भात असताना ते पोचलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि ३० ते ४० मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडू शकतं.

लिथियमची भीती मात्र पूर्वी वाटली होती त्याहून लहान निघाली. अमेरिकेत सुमारे १३ लाख गर्भारपणं तपासलेला अभ्यास २०१७ साली आला. हृदयाचे दोष लिथियम न घेणाऱ्यांच्या शंभर बाळांत १.१५ होते, घेणाऱ्यांच्या बाळांत २.४१. दिवसाला ९०० मिलिग्रॅमच्या वर धोका जवळपास तिप्पट, ६०० पर्यंत वाढ नगण्य.

आणि मूत्रपिंडांची करामत बघा. गर्भारपणात ती जवळपास दीडपट रक्त गाळतात आणि सोडियमसारख्याच वाटेने लिथियमही बाहेर टाकतात. गोळी तीच, पण रक्तातली पातळी घसरते; म्हणून कधी डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर मूत्रपिंडं पूर्वपदावर आली, की वाढवलेला तोच डोस विषारी ठरू शकतो. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. घाबरून एका दिवसात गोळी बंद केली, तर आजार उसळतो, आणि बाळंतपणानंतरचे आठवडे तर सगळ्यांत नाजूक.

जन्मल्या क्षणी नाळेतलं रक्त तपासलं, तर लिथियमचा आकडा जवळपास आईच्या रक्तातलाच निघतो. वारेने त्याला कुठेच अडवलेलं नसतं.