वरची फळी कीं खालची ?

हल्लीं आमच्या घराघरांतून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं नोकरीस असते. त्यामुळें ज्या वयांत आमचे आजे काशीयात्रेची तयारी करीत, त्या वयांत आम्हांस विमानाचीं तिकिटें काढावीं लागतात. तेथें पोहोंचल्यावर चिरंजीव म्हणतात, "इतक्या दूर आलांच आहांत, तर आतां देश पाहून घ्या." देश पाहावा हें उत्तमच, पण तो कोणत्या वर्गाच्या डब्यांतून पाहावा, हा प्रश्न पेन्शनीवर जगणाऱ्या मनुष्यास देशाहूनही मोठा वाटतो. या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली. ती इतरांच्या उपयोगी पडावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

सन 2023 च्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही उभयतां ऑस्ट्रेलियांत ॲडलेड येथें चिरंजीवांकडे होतों. तेथून त्या खंडाच्या मध्यांतून, म्हणजे ज्यास तेथील लोक 'आउटबॅक' म्हणतात त्या विरळ वस्तीच्या तांबड्या प्रदेशांतून, उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरीं एक आगगाडी जाते. अंतर 2,979 किलोमीटर; प्रवास तीन दिवस व दोन रात्रींचा. गाडीचें नांव 'घान', हें 'अफगाण' शब्दाचें संक्षिप्त रूप होय. रेल्वे होण्यापूर्वीं या वाळवंटांत मालाची नेआण उंटांवरून चाले. उंट हांकणारे लोक अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा अनेक भागांतून गेलेले असत. तेथें मात्र सर्वांस सरसकट अफगाणच म्हणत. 1866 च्या सुमारास त्यांची एक मोठी तुकडी उंटांसह कराची बंदरांतून तिकडे गेली, आणि कराची त्या वेळीं आमच्या मुंबई इलाख्यांतच मोडत असे. पहिली गाडी मध्यावरील ॲलिस स्प्रिंग्ज गांवीं 1929 मध्यें पोहोंचली. तो जुना अरुंद मार्ग पुरांनीं वारंवार वाहून जाई, म्हणून पश्चिमेकडून नवा रुंद मार्ग घातला व तो 1980 मध्यें सुरू झाला. डार्विनपर्यंत उतारूंची पहिली गाडी जाण्यास 2004 साल उजाडलें.

आतां वर्गांविषयीं. बसून जाण्याचा स्वस्त वर्ग पूर्वीं होता, तो 2016 मध्यें बंद झाला. आम्ही गेलों तेव्हां मुख्यतः दोन वर्ग होते, गोल्ड व प्लॅटिनम. गोल्डमध्यें एकट्यासाठीं लहानशी खोली मिळते. तिचें स्नानगृह सामायिक असून डब्याच्या टोकाला असतें. दोघांच्या खोलींत दिवसा बसण्याचा बांक, रात्रीं एकावर एक अशा निजण्याच्या दोन फळ्या, आणि न्हाणी व शौचकूप खोलीस लागूनच. प्लॅटिनमची खोली बरीच प्रशस्त, व तिच्यांत दोघांचेही बिछाने खालींच. भोजन, पेयें व वाटेंतील नेमलेल्या सहली यांचें मूल्य दोन्ही वर्गांच्या भाड्यांत धरलेलेंच असतें. मद्य न घेणाऱ्यास त्याची वजावट मात्र मिळत नाहीं! शाकाहाराची सूचना तिकीट काढतांनाच द्यावी. मोठ्या पेट्या सामानाच्या डब्यांत जातात व मुक्काम येईपर्यंत हातीं लागत नाहींत. म्हणून औषधें व गरम कपडे लहान पिशवींत आपल्यापाशीं ठेवावे.

चिरंजीवांचें मत प्लॅटिनम घ्यावें असें होतें. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे गेलीं आठ वर्षें दुखतात, हें त्यांचें कारण. आम्हीं हिशोब मांडला. गुडघे एकीचे दुखतात, फळ्या दोन आहेत. दुखणाऱ्यानें खालीं निजावें, न दुखणाऱ्यानें वर, मग भाड्यांतील एवढा मोठा फरक कशासाठीं द्यावयाचा? उत्तर बिनचूक आलें असें वाटून आम्हीं गोल्डचींच तिकिटें काढविलीं.

सहलींच्या निवडींत तर आम्ही याहूनही फसतों. ॲलिस स्प्रिंग्ज येथें गाडी सुमारें चार तास थांबते, असें वाचून आम्हीं ठरविलें कीं तेवढ्यांत उलुरु हा जगप्रसिद्ध एकसंध खडक पाहून यावा. नकाशांत दोन्ही ठिकाणें शेजारींशेजारीं दिसतात. चिरंजीवांनीं हंसूं आवरून सांगितलें कीं, मध्यें सुमारें साडेचारशें किलोमीटर रस्ता आहे ! तीस वर्षें वर्गांत भूगोल शिकवितांना "आधीं प्रमाण पाहा, मग अंतर सांगा" असें आम्हीं किती मुलांस दरडावलें असेल ! विमानांतून वरच्यावर खडक दाखवून आणण्याची सोय होती, पण तिचें शुल्क निराळें. सौभाग्यवती म्हणाल्या, "ज्याच्या पायथ्याशीं उभें राहतां येत नाहीं, त्याचें दर्शन कसलें ?" खरोखर उलुरु पाहणें असेल त्यानें ॲलिस स्प्रिंग्ज येथें उतरून दोनतीन दिवस निराळे काढावे. खडकावर चढण्यास ऑक्टोबर 2019 पासून बंदी आहे. तो तेथील मूळ रहिवाशांस पवित्र आहे, आणि पायथ्याशीं फिरण्यासारखें पुष्कळ आहे.

आम्हीं गांवांतील फेरी घेतली, व तींत आकाशवाणीवरून चालणारी शाळा पाहिली. शेंकडों किलोमीटर दूर पसरलेल्या पशुपालनाच्या मळ्यांवरील मुलांसाठीं ही शाळा 1951 मध्यें सुरू झाली. पूर्वीं शिक्षक रेडिओवरून हजेरी घेत, आतां इंटरनेटवरून घेतात. समोर एकही बांक नसतांना चाललेला तो वर्ग पाहून या जुन्या मास्तरास क्षणभर बोलवेना. विमानाचें शुल्क वांचलें याचें समाधान त्यापुढें कांहींच नव्हतें.

परंतु त्यापूर्वींच्या रात्रीची हकीकत सांगावयाची राहिली. दहाच्या सुमारास आम्ही शिडीनें वर चढलों, तें निभावलें. दोनच्या सुमारास खालीं उतरण्याची गरज पडली. गाडी डुलत होती. अंधारांत पाय पहिली पायरी चांचपूं लागला. तोंच खालून एक हात आला व त्यानें आमचा घोटा घट्ट धरून पायरीवर ठेविला. सौभाग्यवती जाग्याच होत्या. आम्ही वर चढल्यापासून त्यांनीं डोळा मिटला नव्हता. पुढच्या रात्रीं आम्हीं सायंकाळपासून पाणी वर्ज्य केलें, तरी त्या जाग्याच. सकाळीं एवढेंच म्हणाल्या, "मला गुडघ्यांनीं नाहीं जागविलें, तुमच्या शिडीनें जागविलें."

आमच्या हिशोबांत गुडघे होते, फळ्या होत्या, भाडें होतें. काळजी धरावयाची राहून गेली होती. जी काटकसर आम्हीं आमची समजत होतों, ती त्यांच्या दोन रात्रींच्या झोपेवर झाली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं कॅथरिन येथें निटमिलुकच्या घळींत नावेंतून फिरलों. दोन्हीं बाजूंस वालुकाश्माचे उंच कडे, मध्यें संथ पाणी. पहिली घळ संपतांच खडक आडवे येतात, तेव्हां उतरून कांहीं अंतर चालावें व पुढील नावेंत बसावें लागतें. ही चौकशी आधींच केली असल्यामुळें सौभाग्यवतींची काठी बरोबर होती, व त्या सावकाश कां होईना, चालल्या.

तेव्हां वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. जावयाचें तर मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत जावें. मात्र त्या दिवसांत वाळवंटांतील रात्र फार थंड असते. वर्ग व दर हंगामागणिक बदलतात, म्हणून ते ताजे विचारून घ्यावे. सहल निवडतांना प्रेक्षणीय काय आहे याआधीं चालावें किती व पायऱ्या किती, हें विचारावें. आणि साठी उलटलेल्या जोडप्यानें शिडीचा वर्ग घेऊं नये. जादा पैसे नसतील, तर एक सहल कमी करावी किंवा प्रवासच थोडक्या टप्प्याचा करावा. वरच्या फळीवर एकच जण निजतो, पण तिचें भाडें दोघांनाही द्यावें लागतें.