जुनी जीप व मोठे टायर

महायुद्धासाठीं घडविलेली विलीस जीप महायुद्धानंतर महिंद्र कंपनी मुंबईस जुळवूं लागली. तिचाच वंश पुढें खेड्यापाड्यांत पसरला. नेरच्या काळ्या, चिकट मातींत अशी जुनी गाडी बाळगणारास प्रथम मोह होतो तो मोठे टायर बसविण्याचा. परंतु चाकाचा व्यास वाढला कीं इंजिनाची ओढ मंदावते, ब्रेकवर अधिक भार पडतो आणि वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. म्हणून आधीं ब्रेक, मग स्टिअरिंग व स्प्रिंगा, आणि शेवटीं टायर, असा सुधारणेचा क्रम असावा. मूळ रचना बदलण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें निर्बंधहि आहेत. मोठ्या चाकांची गाडी चिखलांतून निघेल. परंतु वाटेंत बैल आडवा आला असतां ती वेळीं थांबली नाहीं, तर जिवावर बेतेल.