रान कोणाचे, नियम कोणाचा?

पोलादपूर सोडून महामार्ग कशेडी घाट चढू लागला की, सखल भागी भाताची खाचरे आणि त्यांवर वरकस उतार, असे या मुलुखाचे रूप दृष्टीस पडते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे राब. रोपे वाढविण्याच्या जमिनीवर छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून भाजावयाचे, ही कोकणची जुनी रीत. भात पिकावयाचे तर रान राखणे प्राप्त होते. रानासंबंधीचे गावनियम केवळ भाविकतेतून जन्मले, असे म्हणूनच मानता येत नाही.

देवराईत मात्र सहसा कोयता चालत नसे. देवळाच्या दुरुस्तीस लाकूड हवे असल्यास मानकऱ्यांसमक्ष देवाचा कौल घेतला जाई. हा कौल म्हणजे एका अर्थी गावाने चारचौघांत दिलेला परवानाच होय.

ही घडी प्रथम विसकटली ती निर्णयाचा अधिकार गावाबाहेर गेल्यामुळे. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. तथापि अधिकार गेला म्हणून आस्था जातेच असे नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील देवराईवर तोडीचे संकट आले, तेव्हा ग्रामस्थांनी वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांना पत्राने साद घातली. बारमाही झरा त्या राईतूनच उगम पावत होता! अखेर ती राई वाचली.

आजचे कारण निराळे आहे. घरात गॅस आला, शेतात रासायनिक खत आले, तरुण मुंबई-सुरतेस गेले. रानाची रोजची गरज सरली, तसा नियम केवळ सवयीवर उरला. कोकणात कित्येक ठिकाणी मंदिराच्या जीर्णोद्धाराचा निर्णय आता मुंबईकर मंडळी घेतात आणि त्या खर्चासाठी राईतील झाडे विकली जातात. कौलाची जागा ठरावाने घेतली, याला आमची हरकत नाही. पण त्या ठरावाला झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाया उपस्थित असतात काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास तो २००९ मध्ये मिळाला. आदिवासींखेरीज इतरांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने यास पुरावा म्हणून चालतात. राब कोठून आणीत, कौल कोण लावीत, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही निवेदने या पावसाळ्यापूर्वीच लिहून घ्यावीत.