बदलीचे बिऱ्हाड आणि रोजचे पान

हुगळीच्या काठी, मैदानाला लागून असलेला कोलकात्याचा फोर्ट विल्यम हा १७५८ मध्ये बांधायला घेतलेला आठकोनी किल्ला भारतीय लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय असून, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्यावरून त्याला ‘विजयदुर्ग’ हे नाव दिल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. नाव कोकणातून आले, तरी कोकणचा लाल तांदूळ, देशावरची ज्वारी किंवा कुळथाचे पीठ त्याच्या पाठोपाठ येत नाही. लष्करी नोकरीतल्या मराठी कुटुंबापुढे आहाराचा प्रश्न उभा राहतो तो इथेच. बदली दर दोन-तीन वर्षांनी ठरलेली, सामान मोजके, आणि कॅन्टीनमध्ये, म्हणजे सैनिकांना सवलतीच्या दरात माल देणाऱ्या दुकानात, मिळणारी बिस्किटे आणि नूडल्स मात्र देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच. पाकीटबंद अन्नाची ओढ चवीइतकीच या सारखेपणामुळे असते, कारण बदलीच्या घरात न बदलणारी तेवढीच एक गोष्ट उरते.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून मांडलेल्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात अन्नाची विभागणी त्यातील पोषक द्रव्यांवरून न करता त्यावर झालेल्या प्रक्रियेवरून केली जाते. धान्य, डाळी, भाज्या, दूध, दही हे पहिल्या गटात. तेल, मीठ, गूळ यांसारखे स्वयंपाकाला लागणारे जिन्नस दुसऱ्यात. मीठ, साखर किंवा तेल घालून टिकवलेले पदार्थ तिसऱ्यात. आणि घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी द्रव्ये वापरून कारखान्यात घडवलेले, म्हणजे अतिप्रक्रियित, पदार्थ चौथ्यात येतात. हे वर्गीकरण वाचायला सोपे असले, तरी पहिल्या गटातील जिन्नस पानात वाढण्याजोगा होईपर्यंत त्याला किती हात लागतात, हे त्यात कोठेच येत नाही.

प्रक्रियेने धान्यातून काय निघून जाते, याचा धडा मराठी पलटणींनी शंभर वर्षांपूर्वी जवळून पाहिला आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली, आणि तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मज्जातंतूंचा आणि हृदयाचा विकार, जडला. कोंड्यासकट दळलेली कणीक खाणारे हिंदी सैनिक त्यापासून बहुतांशी बचावले, पण ताज्या भाजीवाचून त्यांना स्कर्व्हीने गाठले. पुढे पांढरे पीठ संपत आले आणि गोऱ्यांच्या वाट्यालाही जाडेभरडे पीठ आले, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. कोंडा आणि पाला ही जोडी आहारात का हवी, हे सांगायला याहून वेगळा तक्ता लागू नये.

कोलकात्यात कोंड्याची वाट तांदळातून जाते. बंगालचा रोजचा ‘शेद्धो’ आणि कोकणचा उकडा हे एकाच रीतीने तयार होतात: भात तुसासकट भिजवून वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात, त्यामुळे कोंड्यालगतचे ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि वरचा थर गेला, तरी बरेचसे शिल्लक राहते. ज्या घरात आजीच्या हातची उकड्या तांदळाची पेज प्यायली गेली आहे, त्या घराला हा तांदूळ परका वाटण्याचे कारण नाही. पूर्ण कोंड्याचा तांदूळ मात्र थोडाथोडाच घ्यावा लागतो, कारण कोंड्यातील तेल गंगेकाठच्या दमट हवेत लवकर खवट होते.

पाला आणि भाजी यांचे गणित अधिक कष्टाचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका व्यक्तीसाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि २५० ग्रॅम तृणधान्ये सुचवली आहेत; म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोहून अधिक भाजी निवडून, धुऊन, चिरून व्हायला हवी. कोणत्याही सूचनापत्रकात नसलेला हा आकडा घरातील बाईच्या मनगटाला मात्र ठाऊक असतो. केळफूल घेतले तर काम आणखी वाढते: हाताला तेल लावून जांभळी पाने एकेक करून सोलायची, प्रत्येक पानाआडची फुलांची फणी काढायची, आणि प्रत्येक फुलातून टोकाशी गाठ असलेली ताठ काडी आणि बुडाशी चिकटलेला पारदर्शक पापुद्रा, हे दोन्ही शिजत नाहीत म्हणून, चिमटीने वेगळे करायचे. चिरलेले फूल लगेच काळवंडते, म्हणून ते कोकणात ताकात आणि बंगालमध्ये हळद-मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. हे काम एकटीने करायचे झाले, तर तासाभराला नूडल्सचे पाकीट हमखास हरवते. चार जण वर्तमानपत्र पसरून बसले, तर पंधरा-वीस मिनिटांत ते उरकते, आणि काडी शोधण्यात आठ वर्षांचे मूल मोठ्यांपेक्षा तरबेज निघते. कुटुंबासाठी आहाराचा पहिला नियम काय खावे हा नसून कोणी निवडावे हा असायला हवा.

बंगाली घरांत दुधी, परवळ यांच्या साली फेकल्या जात नाहीत. त्या बारीक चिरून परततात किंवा वाटून घेतात. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी करणाऱ्यांना ही काटकसर शिकवावी लागत नाही. वाढण्याच्या पद्धतीतील फरक अधिक उपयोगी आहे. मराठी ताटात डावी-उजवी बाजू एकदम मांडली जाते आणि मूल पोळी-बटाट्यावर भूक भागवून पालेभाजी तशीच ठेवते. बंगाली जेवणात कडू शुक्तो, मग शाक, म्हणजे पालेभाजी, मग डाळ असे पदार्थ ओळीने येतात, आणि पोटात खरी भूक असते तेव्हा पानावर फक्त पालाच असतो.

लष्कराने मार्च २०२३ मध्ये, अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर, सैनिकांच्या शिध्यात भरडधान्यांचे पीठ पुन्हा आणले आणि तांदूळ-कणकेच्या हक्काच्या वाट्यापैकी २५ टक्क्यांपर्यंत ते घेण्याची मुभा दिली. भाकरी थापता येणाऱ्या घरांना याचा लाभ आपसूक होतो. इतरांना बाजरीचे पीठ कणकेत मिसळण्यापासून सुरुवात करावी लागते.

पाकिटे घरात शिरतात ती बहुधा दुपारी चारच्या भुकेतून, शाळा सुटल्यावर. त्या वेळेला शहराचे उत्तर आधीच तयार आहे: कुरमुऱ्यांत भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, काकडी, मिरची आणि कच्च्या मोहरीच्या तेलाचे चार थेंब, किंवा बिहारी श्रमिकांनी कोलकात्याच्या फुटपाथवर रुजवलेले, भाजलेल्या हरभऱ्याचे सातू, पाण्यात कांदा, लिंबू आणि मीठ घालून. दोन्हींना चूल लागत नाही. कुरमुरे मात्र पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतात, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात आणि पावशेरापेक्षा जास्त ठेवू नयेत.