शाळेचे गुण कोण मोजतो?

अमेरिकेत घर शोधताना आपण प्रथम पाहतो ते परिसरातील सार्वजनिक प्राथमिक शाळेला संकेतस्थळांनी दिलेले १० पैकी गुण. प्रवेश बहुधा राहत्या पत्त्यावरून ठरतो. त्यामुळे या गुणांबरोबर घरांच्या किमतीही चढतात. पण हे गुण नेमके काय मोजतात?

वाचन व गणिताच्या सक्तीच्या वार्षिक चाचण्या तिसरीपासून सुरू होतात. त्यांची सरासरी बव्हंशी पालकांची आर्थिक स्थिती सांगते. मुलाने घरून आणलेली शिदोरी वेगळी आणि शाळेने घातलेली भर वेगळी. स्टॅनफर्डचे संशोधक शॉन रीर्डन यांनी शिकागोच्या सार्वजनिक शाळांचे २००९ ते २०१४ चे निकाल अभ्यासले. तेथील सरासरी देशाच्या मागे होती. तरीही तिसरी ते आठवी या ५ वर्षांत मुलांनी सुमारे ६ वर्षांइतकी प्रगती केली होती.

म्हणून राज्याच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेले शाळेचे प्रगतिपत्रक वाचावे. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्यात गरीब, अपंग, इंग्रजी शिकणाऱ्या आणि विविध वंशांच्या मुलांचे निकाल स्वतंत्रपणे द्यावे लागतात. मुलांची वर्षागणिक प्रगती आणि गैरहजेरीचे प्रमाण पाहावे. मग शाळेत जाऊन विचारावे : वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी येथे काय केले जाते?

केवळ गुण पाहून घर घेतले, तर गरिबांच्या मुलांपासून दूर राहण्याचीच किंमत आपण मोजतो. गावाबाहेरची वस्ती कशी वसते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.