एक नाव, दोन पायथन

डेबियन या लिनक्स वितरणासाठी पायथन भाषेची एखादी लायब्ररी पॅकेज करायची, तर अनेक वर्षं एकाच सोर्समधून दोन पॅकेजं काढावी लागायची. २००८च्या डिसेंबरात आलेलं पायथन ३ जुन्या पायथन २शी जुळणारं नव्हतं, आणि जुनं तर सगळीकडे रुजलेलं. बिल्ड सुरू केली की टर्मिनलवर आधी २.७ची बांधणी आणि चाचण्या सरकत, मग तेच सगळं ३साठी. लायब्ररीच्या फायलींचं भांडण नसे, त्यांची फोल्डरं वेगळी. अडायचं ते लायब्ररीसोबत येणाऱ्या कमांडपाशी. एकाच जागी एकाच नावाची फाइल दोन पॅकेजांनी आणली, की पॅकेजं बसवणारा डेबियनचा प्रोग्राम डीपीकेजी दुसरं पॅकेज बसवायला साफ नकार देतो. म्हणून कमांड कोणा एकाकडेच ठेवायची आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नुसतं ‘पायथन’ असेल तिथे नेमकी आवृत्ती घालायची.

ही पहिली ओळ मी सर्वांत बारकाईने तपासते. चुकीच्या पायथनवर प्रोग्राम कोसळला तर एकवेळ परवडतं; तो निमूट चालत राहिला तर हिशेबच बदलतात. ७ भागिले २ म्हणजे पायथन २मध्ये ३, पायथन ३मध्ये ३.५. यूटीएफ-८ फायलीत साध्या अवतरणात लिहिलेल्या ‘मराठी’ची लांबी विचारा: जुनं पायथन बाइट मोजून १५ सांगतं, नवं ५ सांगतं, तीन अक्षरं, एक काना, एक वेलांटी. देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी एवढ्या एका सुधारणेपायी ही सारी ओढाताण सार्थ आहे, असं मला मनापासून वाटतं.

आर्च लिनक्सने २०१०मध्येच ‘पायथन’ हे नाव ३ला देऊन टाकलं. डेबियनने घाई केली नाही, आणि तेच योग्य होतं. पायथन २चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२०ला संपला. पुढच्या वर्षीच्या डेबियन ११मध्ये मूळ बसवणीत नुसती ‘पायथन’ ही कमांडच नव्हती; हवी असेल त्याने ‘पायथन-इज-पायथन३’ हे छोटं पॅकेज मुद्दाम बसवायचं. जुनी स्क्रिप्ट मग चुकीचं उत्तर देण्याऐवजी जागीच थांबते आणि कोणाला तरी ती उघडून वाचावी लागते.

पायथन २ची जुनी पॅकेजं काढायची तीही टोकाकडून मुळाकडे. ज्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही ते आधी, मग त्याला आधार देणारं. ‘सिक्स’ ही लायब्ररी एकच कोड दोन्ही पायथनांवर चालावा म्हणून लिहिलेली. साहजिकच तिच्या पायथन २च्या पॅकेजावर असंख्य पॅकेजं टेकलेली, त्यामुळे ती सुटेपर्यंत त्याला हात लावता येत नव्हता. २०२३चं डेबियन १२ आलं ते पायथन २शिवाय.